ओढ्यात विझलेली दिवटी

आमच्या गावच्या शाळेच्या भिंतीवर आता एक मशाल रंगवली आहे. खाली लिहिलंय, ज्ञानाची मशाल हाती घ्या. झेंडावंदनाला कुणी ना कुणी पाहुणा येतो आणि त्या चित्राकडं हात करून बोलतो. मशाल व्हा, मशाल पुढं न्या, असलं काहीबाही. मी मागं बायकांत बसून ऐकते आणि मनात म्हणते, गड्या, एकदा धरून बघ. तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं. चिंध्यांचा धूर नाकात जातो, भुवया करपतात. आणि खरी गंमत म्हणजे मशाल धरणाऱ्याला काही दिसत नाही. त्याच्या डोळ्यांपुढं नुसता जाळ असतो. मागून येणाऱ्यांना वाट दिसते, समोरच्यांना मशालवाला दिसतो, त्याला मात्र पुढचा माणूस हाताच्या अंतरावर आल्याशिवाय कळत नाही. पाहुण्याला हे कोण सांगणार? चहा पिऊन तो परभणीला जातो.

मला हे ठाऊक, कारण आमच्या घराला दिवटीचा मान होता. दिवटी म्हणजे देवीपुढं चालणारी मशाल. लोखंडी दांडा, टोकाला वाटी, वाटीत जुन्या धोतराच्या चिंध्या घट्ट गुंडाळलेल्या आणि वरून करडीचं तेल. चुडाव्याच्या स्टेशनावर उतरून पायी येता येईल असं आमचं गाव. दसऱ्याला देवीची पालखी शिलंगणाला निघते, शिवेवरच्या शमीपर्यंत जाते, सोनं लुटून परत येते. जाताना गाडीवाटेनं जायचं आणि येताना ओढा ओलांडून, पलीकडच्या वस्तीवरून वळसा घेत यायचं, असा रिवाज. पालखीला खांदा कुणी द्यायचा, छत्री कुणी धरायची, सगळं घराघरांत वाटलेलं. आमची जमीन बेताची, गावच्या बैठकीत आमच्या शब्दाला कोण विचारतो? पण दसऱ्याला माझे बाबा सगळ्यांच्या पुढं आणि गावचा पाटील मागं.

दिवटीचे नेम मात्र कडक. ती देवळातल्या नंदादीपावरच पेटवायची, काडी लावायची नाही. वाटेत थांबायचं नाही. खांदा बदलायला पालखी थांबली तरी दिवटीनं आपलं चालत राहायचं. आणि ज्या घराच्या हातात दिवटी विझली, त्या घराचा मान गेला. मग ती दुसऱ्या घरात जायची.

आता माझं सांगते. मी ऐन विशीत सासरहून परत आले. नवऱ्यानं दुसरी आणून ठेवली होती. काडीमोड झाला नाही आणि नांदणंही झालं नाही, नुसती लोंबकळत राहिले. आई आधीच गेलेली. घरात बाबा आणि मी. पाण्यावर गेलं की बायका विचारायच्या, "कवा जायची सासरी?" पहिल्या पहिल्यांदा मी खाली बघायचे. मग म्हणायला लागले, तुमच्या घरचं खाते का? तेव्हापासून विचारणं थांबलं आणि बोलणंही थांबलं. माझं तोंड फाटकं आहे असं गाव म्हणतं. खरंच आहे. तसं नसतं तर मी केव्हाच विहीर जवळ केली असती.

दिवटीत तेल ओतायचं काम मुलाचं. बाबांना मुलगा नाही, म्हणून इतकी वर्षं माझा चुलतभाऊ ओतायचा. मी परत आले त्या वर्षी दसऱ्याच्या दुपारी बाबांनी तेलाची बुधली माझ्या हातात दिली. पुजारी कुरकुरला. बाईमाणूस, त्यात टाकलेली, देवीपुढं कशी चालेल? बाबा त्याला म्हणाले की देवीसुद्धा बाईच हाय आणि तिचाबी नवरा गावात कुणी बघितला न्हाई. मी बाबांच्या डाव्या बाजूला चालले. त्या दिवशी सगळं गाव माझ्या मागं होतं, आणि कुणी मला काही विचारत नव्हतं. वर्षातली ती एक संध्याकाळ माझी. बाकी वर्षभर मी कुणाचीच कुणी नव्हते. खोटं कशाला सांगू, त्या एका संध्याकाळवर मी वर्ष काढायचे.

आणखी एक माणूस होतं माझं. खुरपणीची जोडीण. ती ओढ्यापलीकडच्या वस्तीतली. वस्ती बौद्धांची. गावाच्या तोंडात तेव्हा जुनंच नाव होतं, ते मी इथं लिहीत नाही. आम्ही दोघी शेजारी शेजारी पात, म्हणजे पिकाची ओळ, धरायचो. मी माझ्या सासूला शिव्या घालायचे आणि ती खुरपं खाली ठेवून हसायची. तिची सासू गुडघ्यांनी अधू झालेली, दिवसभर दारात मिश्री घासत बसलेली असायची. कवा जायची, हे त्या दोघींनी मला कधी विचारलं नाही.

मग नामांतराचं पहिलं साल आलं. मराठवाड्याच्या विद्यापीठाला वस्तीतल्या लोकांच्या नेत्याचं नाव द्यायचं ठरलं आणि ते नको म्हणून भर पावसाळ्यात गावं पेटली. आज इथं घरं जाळली, काल तिथं जाळली, अशा बातम्या. आमच्या गावातल्या किती जणांनी विद्यापीठ बघितलं होतं? पण नावाचं दुखणं सगळ्यांना झालं होतं. आमच्या गावात काही झालं नाही, असं लोक अजून छाती काढून सांगतात. काही झालं नाही म्हणजे जाळलं नाही, एवढंच. दुकानदारानं वस्तीला मीठ देणं बंद केलं. कामाला बोलावणं बंद झालं. वस्तीतली माणसं अंधार पडला की पोरंबाळं घेऊन तुरीत झोपायला जायची. जोडीण खुरपणीला येईना. माझ्या शेजारची पात रिकामी राहिली आणि मी गप्प गप्प खुरपत राहिले. कुणाला शिव्या घालू?

अशात दसरा आला. जातानाचं सगळं ठीक झालं. शमीपाशी सोनं लुटलं. परत निघालो तेव्हा दिवस बुडत होता. त्या वर्षी हलगी नव्हती. हलगी वाजवणारे वस्तीतलेच, ते आले नव्हते आणि त्यांना बोलवायलाही कुणी गेलं नव्हतं. नुसतं चालवत नाही म्हणून पोरांनी घोषणा द्यायला सुरुवात केली. आधी देवीच्या, मग हळूहळू दुसऱ्याच, नामांतराच्या विरोधातल्या. बाबा मला म्हणाले, ही पोरं काहून बोंबलायलीत? मी म्हणाले, तुमी पुढं बघा.

ओढ्याच्या अलीकडं करंजाची दाटी आहे. तिथं पालखी खांदा बदलायला थांबली. दिवटीला थांबायचं नाही, म्हणून बाबा दगडांवरून ओढा पार करून गेले आणि मागून मी, एका हातात बुधली, दुसऱ्या हातात लुगड्याचा घोळ. वर चढलं की वस्तीचं पहिलं घर. चढावर आलो आणि समोर माणसं पळताना दिसली. बायका, पोरं, म्हातारे, सगळे तुरीकडं. कुणी ओरडत नव्हतं. जोडीण काखेत पोर घेऊन पळत होती. तिनं मागं वळून बघितलं. दिवटीच्या उजेडात मी तिला स्वच्छ दिसले असणार. तिनं मला ओळखलं आणि ओळखून पळाली. हे माझ्या गळ्याखाली आजही उतरत नाही.

बाबांना यातलं काही दिसत नव्हतं. मी म्हणाले, बाबा, थांबा. दिवटी थांबत नसते हे पोरीला ठाऊक असून थांबा कशी म्हणते, म्हणून ते तसेच चालत राहिले. पहिल्या घराच्या दारात जोडिणीची सासू होती. तिला पळता येत नव्हतं. ती भिंतीला धरून उठली, दारातली भरलेली घागर कशी उचलली देव जाणे, आणि सगळी घागर तिनं दिवटीवर ओतली. चर्र झालं, वाफ आली, आणि अंधार. बाबा डोक्यापासून पायापर्यंत भिजले. ती रिकामी घागर पोटाशी धरून उभी होती.

"जाळ आता," ती म्हणाली.

बाबांना तेव्हा ती दिसली. ही देवीची दिवटी हाय, एवढं तरी म्हणायचं. तेही त्यांना जमलं नाही. मागं पालखी उचलल्याचा आवाज आला, पोरांच्या घोषणा जवळ यायला लागल्या. बाबांनी हातातल्या ओल्या बोळ्याकडं बघितलं, म्हातारीकडं बघितलं आणि एकदम मागं फिरून पळत सुटले. माझा बाप पळताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. मी मागून धावले. ते सरळ ओढ्यात गेले आणि पाण्यात चक्क खाली बसले, दिवटीसकट. मला वाटलं, ह्यांचं डोकं फिरलं. करंजातून पुढची पोरं बाहेर आली आणि काठावर थबकली, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

चुलतभाऊ सगळ्यांत पुढं होता. काय झालं म्हणून त्यानं विचारलं. बाबा म्हणाले, पाय घसरला. तोवर पालखी आली, मोठी माणसं आली. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, कारण शेजारी मी एकटीच होते. मला सगळं कळत होतं. खरं बोलले तर पलीकडं एकही घर उरलं नसतं. त्यातली काही पोरं निमित्तच शोधत होती, आणि देवीची दिवटी वस्तीतल्या बाईनं विझवली यापेक्षा मोठं निमित्त कुठलं? खोटं बोलले तर मान गेला. मान गेला की बुधली गेली, बुधली गेली की माझी ती एक संध्याकाळ गेली. मी बाबांकडं बघितलं. ते मान खाली घालून पाण्यात बसून होते.

"शेवाळ हाय," मी म्हणाले. "मी मनलं बी हुतं, जपून चला म्हणून."

गाव बाबांवर तुटून पडलं. म्हातारचळ लागला, दारू प्यालास का, कुळाचं नाव बुडवलंस. ज्या माणसानं आयुष्यात बिडी ओढली नाही, त्याला दारू प्यालास म्हणून विचारलं. विझल्या दिवटीमागं देवी चालत नाही, म्हणून पालखी तिथंच अंधारात थांबली आणि चुलतभाऊ नंदादीपावरून पेटवून आणायला देवळात गेला. तो येईपर्यंत घोषणा देणारे घसे बसले. अपशकुन झाला म्हणून जाणत्यांनी पालखी ओढ्याच्या अलीकडूनच, बांधाबांधानं गावात न्यायची ठरवली. दिवटी चुलतभावाच्या हातात होती. ती मग त्याच्याच घरात राहिली.

घरी आल्यावर मी बाबांना कोरडं धोतरही दिलं नाही. भाकरी थापता थापता जे तोंडात आलं ते बोलले. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं म्हणतात, आपल्या हाती तेवढंही राहिलं न्हाई. तुमी कोण लागून गेले एवढे मोठे? माझं काय, ते तरी विचारायचं. बाबा म्हणाले की इचारायला वेळ कुठं हुता? ते खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. त्या रागात मी किती वर्षं काढली ते माझं मला ठाऊक. माणूस चांगलं वागतं तेव्हा त्याची किंमत शेजारच्याला भरावी लागते, हे शाळेतले पाहुणे कधी सांगत नाहीत.

त्यानंतर गावात काही वाईट झालं की आमचं नाव. पाऊस लांबला, दिवटी विझली म्हणून. कुणाचा बैल गेला, दिवटी विझली म्हणून. बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही. बाबांना पारावर कुणी सरकून जागा देईना, म्हणून त्यांनी पारावर जाणंच सोडलं. दसऱ्याला आम्ही दार ओढून घरात बसायचो. बाहेरून हलगी जायची, आवाज लांब जायचा. मी चुलीपाशी आणि बाबा ओसरीवर. दोघं एकमेकांकडं बघायचो नाही.

जोडीण पुढच्या हंगामात खुरपणीला आली, पण तिनं दुसऱ्या टोकाची पात धरली. एकदा मी मुद्दाम तिच्याजवळ जाऊन बसले आणि त्या दिवसाचं बोलणं काढलं. ती म्हणाली, तो इषय काढू नको, तुज्या पाया पडते. सासूनं काय केलं हे गावात कळलं तर काय होईल, या भीतीनं ते सगळे गप्प होते. त्याच भीतीनं आम्हीही गप्प होतो. त्यांना वाटत असणार, म्हातारीनं पळवून लावल्याची लाज वाटते म्हणून आम्ही लपवायलोत. मला तिला सांगायचं होतं की माझा बाप जाळायला आला नव्हता. पण तिनं खुरपं हातात घेतलं आणि पुढं सरकली. त्यानंतर ती माझ्याशी हसली नाही.

अशी वर्षं गेली. म्हातारी वारली. बाबा थकले. आणि एका संक्रांतीच्या सुमारास बातमी आली की विद्यापीठाला नाव दिलं. आधीच्या नावाला जोडून का होईना, पण दिलं. वस्तीत मंडप पडला. निळे झेंडे लागले. संध्याकाळी सभा होती, आणि कर्णा इतका मोठा की ओढा ओलांडून आमच्या ओसरीवर शब्द न् शब्द ऐकू यायचा. बाबा घोंगडी पांघरून बसले होते. मी तीळ पाखडत होते. बोलणारा म्हातारीचा नातू होता, परभणीला शिकणारा. त्या दसऱ्याला जोडिणीच्या काखेत होता, तोच. काय सुंदर बोलत होता! म्हणाला, माझी आजी निरक्षर होती, तिला चालता येत नव्हतं. या गावचा मशालवाला वस्ती जाळायला आला, सगळे पळाले आणि माझी आजी एकटी उभी राहिली. तिनं एक घागर पाणी ओतून ती मशाल विझवली, आणि तो मशालवाला शेपूट घालून ओढ्याकडं पळाला. आपली खरी मशाल ती आहे. टाळ्या थांबेनात.

माझ्या हातातलं सूप तसंच थांबलं. बाबांनी मान वर केली नाही.

सकाळी चुलतभाऊ आला. त्यानंही ऐकलं होतं, सगळ्या गावानं ऐकलं होतं. मोठेबाबा, खरं काय ते सांगा, असं म्हणाला, पण उभाच राहिला, बसला नाही. त्याची भीती मला कळत होती. दिवटी आमच्या हातानं विझलीच नसेल, तर मान परत द्यायला लागणार. बाबा त्याला म्हणाले की माझा पाय घसरला हुता, बाकी म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी असत्यात, पोरं ऐकत्यात आन् वाढवत्यात. चुलतभावाचा जीव भांड्यात पडला. चहा पिऊन गेला.

तो गेला आणि मी फुटले. म्हणाले, बाबा, आता कोण काय करतंय? आता तरी सांगा. मान आपला हाय. आन् तिकडं तुमाला जाळणारा मनायलेत, त्यायलाबी सांगा. मी जाते, मी सांगते.

बाबांनी मला खाली बसवलं.

"कुणाला सांगू?" ते म्हणाले. "इकडं सांगितलं तर म्हातारीनं देवीची दिवटी इझवली असं व्हईल. तिकडं सांगितलं तर म्हातारी खोटी पडंल. ती खोटी न्हवती. तिला जे दिसलं ते तिनं इझवलं."

"आन् तुमी?"

"तुला ठाऊक हाय न्हवं?" बाबा म्हणाले. "मग झालं."

माझा इतक्या वर्षांचा राग तिथं बसल्या बसल्या गेला, आणि राग गेल्यावर मला एकदम भीती वाटली. कसली ते तेव्हा कळलं नाही. बाबा त्याच पावसाळ्यात गेले. अग्नी चुलतभावानं दिला. भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, माणूस गरीब होता, पण त्याच्या हातानं दिवटी विझली. वस्तीतून कुणी आलं नाही. का येतील? जोडीण बाजारात दिसली तेव्हा तिनं मान वळवली. मी दोन्हीकडं काही बोलले नाही. बाबांनी जे राखलं ते मी कशी मोडू?

आता घरात मी एकटी आहे. संध्याकाळी दिवा लावते आणि जेवायला बसते. कधी कधी मोठ्यानं म्हणते, बाबा, तुमी जाळायला गेला नव्हता, मी बघितलंय. ऐकायला कुणी नसतं. मग झालं, म्हणाले होते. त्यांचं झालं, कारण त्यांना मी होते. मला कुणी नाही.